भोपाळला दुर्घटना म्हणू नका

दरवर्षी डिसेंबर आला की वर्तमानपत्रांत 'भोपाळ वायुदुर्घटना' असा मथळा येतो, मेणबत्त्यांचे फोटो येतात आणि विषय संपतो. बांधवांनो, आधी हा शब्दच तपासा. दुर्घटना म्हणजे कोणाच्याच हातात नसलेली गोष्ट. भोपाळमध्ये सगळे कोणाच्या तरी हातात होते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरले. हे रसायन थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. कारखाना तोट्यात म्हणून देखभालीची माणसे कमी केली होती. १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून इशारे छापत होते. म्हणजे माहीत सगळ्यांना होते. तरीही पैसा वाचवला गेला, कारण भिंतीपलीकडे जयप्रकाश नगर आणि काझी कॅम्प होते. हातावर पोट असलेल्या मुस्लिम, दलित, मागास माणसांच्या वस्त्या!

आणि न्याय? सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले, १९८९ मध्ये ४७ कोटींवर तडजोड केली. बहुतेक जखमींच्या हाती सुरुवातीला २५ हजार रुपये पडले. कंपनीचा प्रमुख वॉरन अँडरसन अटकेनंतर जामिनावर सुटून अमेरिकेला गेला. २०१४ मध्ये मरेपर्यंत खटल्याला उभा राहिला नाही. २०१० मध्ये सात जणांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिकाही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

'हा कम्युनिस्टांचा प्रश्न, आपला नाही,' असे आपल्यातलेच काही जण म्हणतात. त्यांनी १९३८ ची मनमाडची रेल्वे कामगार परिषद आठवावी. बाबासाहेबांनी तिथे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपण पहिल्याशी लढतो आणि दुसऱ्याच्या गेटवर कंत्राटी नोकरीसाठी रांग लावतो. गटारात कोण उतरणार हे जात ठरवते. विषारी कारखान्याच्या भिंतीला कोणाची वस्ती लागणार, यातही तिचाच हात असतो.

हा केवळ इतिहास नाही. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ मध्ये प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, माणसे मेली. २३ मे २०२४ रोजी त्याच एमआयडीसीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट, पुन्हा मृत्यू. आठ वर्षांत काय शिकलो?

म्हणून जयंतीच्या डीजेला जितकी वर्गणी काढता, तितका वेळ यासाठी काढा. तुमच्या वस्तीजवळच्या कारखान्यात कोणते रसायन आहे, किती साठा आहे, शेवटची तपासणी कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कंत्राटी कामगारांची नावे हजेरीपटावर आहेत का, ते पाहा. उत्तर मिळाले नाही तर अपिलात जा, मोर्चा काढा. मेल्यावर मिळणाऱ्या धनादेशासाठी रांगेत उभे राहण्यापेक्षा जिवंतपणी जाब विचारणे केव्हाही बरे.

जय भीम!