ढेकणांच्या गोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार?

मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका यांस,



आचोळ्यातल्या इमारतींच्या जिन्यांत विजेच्या मीटरपेट्यांवर पेस्ट कंट्रोलवाल्यांचे नंबर चिकटवलेले असतात. भाडेकरू अकरा महिन्यांनी खोली बदलतात, गाद्यांबरोबर ढेकूणही बदलतात. फोन केला की माणूस येतो, गोळ्या ठेवतो आणि दोन दिवस खोली बंद ठेवा म्हणून जातो. शेजारच्या घराला कोण सांगणार, हा प्रश्नच निघत नाही.

त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर त्या धान्याच्या गोदामांसाठी आहेत, माणसे झोपतात त्या खोल्यांसाठी नाहीत. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून सुमारे 1 ग्रॅम. पावसाळ्यात भिंतींना ओल धरणाऱ्या आमच्या घरांत तर ओलाव्याला तोटा नाही. हा वायू दाराखालून, डक्टमधून, सामाईक भिंतीच्या भेगांतून पलीकडे जातो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, पण त्या वासावर विसंबता येत नाही. या वायूच्या विषबाधेवर उतारा नाही. उलट्या सुरू झाल्या की घरचे म्हणतात, बाहेरचे काहीतरी खाल्ले असेल. आणि त्यातच वेळ जातो. उरलेली राख ओल्या फडक्याने पुसायला गेले, तर उरलासुरला वायू आणखी सुटतो.

फेब्रुवारी 2020 मध्ये पुण्यात बिबवेवाडीला घरात पेस्ट कंट्रोल केल्यानंतर पती-पत्नी दगावले. नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईजवळ कुंद्रथूरला उंदरांसाठी घरात ठेवलेल्या विषाने दोन लहान मुले गेली. अमेरिकेत मिसिसिपीत 1996 मध्ये शेतातले मिथाइल पॅराथिऑन झुरळांसाठी घराघरांत फवारल्याचे उघड झाले. उन्हापावसात विरणारे हे विष घरात टिकून राहते. तिथल्या सरकारने कुटुंबांना बाहेर हलवले, भिंतींचे फलक आणि गालिचे काढून नवे घातले. आपल्याकडे पंचनामा होतो आणि खिडक्या उघडल्या जातात.

कायदा नाही, असे नाही. 1968 चा कीटकनाशक कायदा आहे, 1971 चे नियम आहेत. या गोळ्या व्यवसायासाठी वापरणाऱ्याला परवाना लागतो, त्यासाठी म्हैसूर, हापूर किंवा हैदराबादच्या संस्थेतले प्रशिक्षण लागते. विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे बंधनकारक करण्याचा अधिकार कायद्याच्या कलम 26 ने राज्य सरकारला दिला आहे. पण परवाना कृषी खात्याचा आणि आचोळ्यात शेत किती उरले, ते आपण जाणताच. खात्याचे लक्ष खत-औषधांच्या दुकानांवर. चौथ्या मजल्यावरची खोली कोणाच्याच अखत्यारीत पडत नाही. माझ्या मते खरी चूक तिथे आहे, ढेकणांना कंटाळलेल्या भाडेकरूत नाही.

म्हणून मागणी महापालिकेकडे आहे, कारण आमच्या दारापर्यंत पोहोचणारी यंत्रणा फक्त तुमची. कृषी खात्याकडून परवानाधारकांची यादी घ्या आणि प्रत्येक प्रभाग कार्यालयात मराठी-हिंदीत लावा. परवाना नसलेल्यांचे चिकटवलेले नंबर पोलिसांकडे द्या. घरात औषध मारण्याआधी वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांना लेखी कळवणे सोसायट्यांना सक्तीचे करा, आणि औषधाचे नाव त्या चिठ्ठीत असू द्या, म्हणजे वेळ आलीच तर ते डॉक्टरांना सांगता येईल. आमच्या अग्निशमन जवानांना फॉस्फिन मोजण्याचे यंत्र आणि श्वसनसाधने द्या. पालिकेच्या दवाखान्यांत अशा प्रत्येक रुग्णाची वेगळी नोंद ठेवा.

यातले बहुतेक काम एका परिपत्रकाने होते. ते पावसाळ्याआधी काढावे, ही विनंती.

आपला,
आचोळ्याचा एक रहिवासी