वाचणे आणि शिकवणे यांच्या मध्ये

रविवारच्या उपदेशाची तयारी आपल्यातले बरेच जण शनिवारी रात्री करतात. मंडळीचे हिशेब, आजाऱ्यांच्या भेटी, कुणाचे लग्न, कुणाची मयत, यातून उरलेला वेळ तेवढाच असतो. वेळेबद्दल कुणाला बोल लावायचा नाही. पण शनिवारी घाईने उघडलेले पवित्र शास्त्र आपण लोकांसाठी उघडतो आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहायचे विसरतो. ही सवय पाळकाला, संडे स्कूलच्या शिक्षकाला आणि बायबलवुमनला आतून कोरडे करते.

एज्राच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात एज्राबद्दल सांगितले आहे, की त्याने नियमशास्त्राचा अभ्यास करायचा, ते पाळायचे आणि मग इस्राएलात ते शिकवायचे असे मनाशी ठरवले होते. अभ्यास आणि शिकवणे आपण दोन्ही करतो. पाळण्याची मधली पायरी गळते, आणि विश्वासाची वाढ होते ती त्याच पायरीवर.

हा क्रम आपल्या मराठी मंडळीने एका आयुष्यात पाहिला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की ख्रिस्ती धर्म हाती आला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. संस्कृतात पारंगत आणि कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या स्त्रीला एवढा काळ लागला. वर्षभर संडे स्कूल चालवून फळ दिसत नाही म्हणून हात टेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढची गोष्ट आपल्या नेपानगर, बुऱ्हाणपूर, खंडवा भागाच्या जवळची आहे. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. रमाबाईंचे आईवडील उपासमारीत गेले होते, त्यामुळे भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नव्हते. त्यांच्या पुण्याच्या शारदा सदन या आश्रमात नव्या मुलींना पुरेशी जागा नव्हती आणि हाती पैसाही बेताचाच होता. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुलींना घेऊन आल्या. त्यातच पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, आणि सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेल्या केडगावच्या शेतावर या मुलींची सोय करावी लागली. पुढे ‘मुक्ती’ म्हणून ओळखली गेलेली संस्था तिथे उभी राहिली. आधी इमारत, मग सेवा, असा हिशेब रमाबाईंनी केला नाही. मात्र देवाचे ऐकायची त्यांची तयारी आधीपासून, रोजच्या वाचनात आणि प्रार्थनेत, होत आली होती.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुक्तीतल्या मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्यास बोलावले. सुरुवातीला ७० जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली. जूनअखेर तिथे झालेल्या आत्मिक जागृतीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण प्रार्थनेच्या आधीच्या महिन्यांबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मला ते महिने जास्त मोलाचे वाटतात. जागृतीनंतर मुली आसपासच्या गावांत सुवार्ता घेऊन गेल्या, तेव्हा मधली पायरी त्याही चढल्या होत्या.

त्याच काळात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. एवढी मोठी संस्कृत पंडिता, पण भाषा निवडली ती साध्या बायकांना कळेल अशी. टाइप जुळवण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

केडगावचे ठीक, पण नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराला अशी रोजची तयारी कशी जमावी? १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलेला, सुरुवातीला सलई आणि बांबूपासून वृत्तपत्राचा कागद काढणारा हा कारखाना. कागदाचे यंत्र चालू असले की दिवस-रात्र चालते आणि माणसांच्या पाळ्या बदलत राहतात. पहाटे पाचला उठून प्रार्थना करा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो, तेव्हा रात्रपाळी करून आलेला माणूस खाली मान घालतो. रोजची तयारी म्हणजे पहाटच, असे शास्त्रात कुठेही नाही. मान्ना त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. पाळीआधीची वीस मिनिटेही चालतील. २०१६ ते २०२२ या काळात कारखान्याचे उत्पादन बंद राहिले. अशा वेळी घराचे घड्याळच बिघडते, आणि वेळेला टेकून उभी असलेली उपासना डळमळते. पाळकाने त्या घरी जाऊन नवी वेळ ठरवायला मदत करावी.

आणि मधल्या पायरीसाठी एक सूचना. येत्या रविवारचा भाग सोमवारीच वाचा. समजा तो मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला आहे, वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करण्याचा. पंचकमिटीतल्या ज्या सभासदाशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या घरी गुरुवारपर्यंत जाऊन या. तो दार उघडेल किंवा उघडणार नाही. रविवारचा उपदेश मात्र बदललेला असेल, कदाचित लहानही झालेला असेल. तारण कृपेनेच आहे, या भेटीने ते कमवायचे नाही. कृपा मिळालेला माणूस ऐकतो, एवढेच.

एक इशाराही देणे भाग आहे. आज्ञापालन देवाचे असते. पाळकाने ते स्वतःकडे वळवून घेऊ नये. रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या भगिनींचे उपकार मानले, पण विवेकाच्या प्रश्नावर त्यांच्याशी पत्रांतून ठाम वाद घातला. मंडळीत असा वाद घालणारी मुलगी दिसली, तर तिला बंडखोर ठरवण्याआधी तिच्या हातातले बायबल किती वाचलेले आहे ते पाहावे.

पुढच्या अंकापासून या मासिकातील साप्ताहिक पाठ सोमवारपासून सुरू होतील. त्यांत प्रश्नांच्या आधी ‘या आठवड्यात काय करायचे’ ही ओळ असेल. नेपानगर, बुऱ्हाणपूर, खंडवा भागात घरी मराठी आणि उपासनेत हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांत हे पाठ कसे चालतात, पाळीवाल्या घरांनी कोणती वेळ ठरवली, ते जरूर लिहून कळवा. ती पत्रे आम्ही छापू.