दगड मारणाऱ्याची मनःशांती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधल्या हवेत दिवसभर दगड. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, दोघं नदीतच दगडांनी मेली, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. फुटल्या डोक्याला चंडीमातेची भभूत लावून माणूस पुन्हा पात्रात उतरतो. काही वर्षी एखादा जिवानिशी जातो. इकडे सौंसरला आम्ही संध्याकाळी मोबाईलवर जखमींचा आकडा वाचतो, हळहळतो आणि आंबियाच्या फळगळीच्या चिंतेला लागतो.

हल्ली या हळहळीचाही त्रास नको म्हणून स्टोइक नावाचं एक तत्त्वज्ञान हाताशी आलं आहे. पडद्यावर रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा संगमरवरी चेहरा, मागून गंभीर आवाज: जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या. आमची शिकलेली पोरं हे लगेच उचलतात. गोटमार काय आपल्या हातात आहे? प्रशासनानं रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली, गोफणींवर बंदी घातली. दगड थांबले नाहीत. मग आपण कशाला मन खराब करून घ्यायचं? स्टोइक माणसानं आपलं मन सांभाळावं, इतरांचं इतर बघतील.

हा झाला पूर्वपक्ष, आणि तो अगदीच हवेतला नाही. हातातलं आणि हाताबाहेरचं हा भेद एपिक्टेटस या स्टोइकाच्या शिकवणीच्या हस्तपुस्तिकेत अगदी सुरुवातीलाच येतो. पण मंडळी पहिलं पान वाचून पुस्तक मिटतात. त्याच पुस्तिकेत पुढे तो म्हणतो की आपली कर्तव्यं नात्यांनी मोजली जातात. बाप वाईट निघाला म्हणून मुलाचं मुलगेपण संपत नाही. भाऊ, शेजारी, नागरिक यांच्याबाबतीतही तेच. समोरचा कसा वागतो हे माझ्या हातात नाही. मी त्याचा कोण म्हणून कसा वागतो, हे मात्र पूर्णपणे माझ्या हातात आहे. म्हणजे ज्या भेदाचा आधार घेऊन लोक हात झटकतात, तोच भेद त्यांना नात्याकडे परत आणतो.

एपिक्टेटसच्या प्रवचनांत एक प्रसंग आहे. एक अधिकारी त्याच्याकडे येतो आणि सांगतो, माझी लहान मुलगी आजारी पडली तेव्हा मला बघवेना. मी घरातून निघून गेलो, ती बरी झाल्याचा निरोप आल्यावरच परतलो. त्याला वाटतं, हीच खरी माया. एपिक्टेटस त्याला सरळ विचारत जातो. मुलीची आई पण गेली असती तर? दाईपण? तुझ्यावर माया करणाऱ्या सगळ्यांनी तुझ्या आजारपणात अशीच माया दाखवली, तर तुला चालेल? बापाकडे उत्तर नाही. मन घट्ट करायचं ते उशाशी बसता यावं म्हणून. गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्याबाहेर जाऊन, फोन बंद करून मिळवलेली शांती याच बापाच्या जातीची. टिळकांनी ‘गीतारहस्या’त संन्यासाच्या नावावर कर्म टाकणाऱ्यांशी जो वाद घातला, तो इथेही लागू पडतो, स्थितप्रज्ञाला लोकसंग्रहातून सुट्टी नाही.

दुसरा पूर्वपक्ष खुद्द पांढुर्ण्याचा, आणि मला तो जास्त अवघड वाटतो. आमच्या मनात वैर नाही, ते म्हणतात. दोन्ही काठांवर सोयरे आहेत, दुसऱ्या दिवशी गळाभेट होते. शिवाय जखम, मरण यांना स्टोइक वाईट मानतच नाहीत ना? मग रागाशिवाय मारलेल्या दगडात दोष कुठला?

जखम झाल्यानं माणसाचं शील बिघडत नाही, हे स्टोइकांचं म्हणणं खरं. पण ते जखम सोसणाऱ्याबद्दल आहे. दगड ज्याच्या हातातून सुटतो, त्याला त्यातून पळवाट नाही. अन्याय करणारा स्वतःचंच नुकसान करतो, असं मार्कस लिहितो, आणि राग नव्हता म्हणून अन्याय न्याय होत नाही. न्याय हा त्यांच्या चार मुख्य सद्गुणांतला एक, आणि तो एकट्यानं बंद खोलीत पाळता येत नाही; त्याला समोर माणूस लागतो. खरं तर रागाशिवाय कुणाचं डोकं फोडता येणं हे मला रागापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

आणि गच्च्यांवरून गोटमार बघणारे आपण? सेनेका हा रोमन स्टोइक एका पत्रात लिहितो की तो दुपारी आखाड्यात गेला होता, हलकंफुलकं काही बघायला मिळेल म्हणून. तिथे नुसती माणसं मारणं चाललं होतं. त्याची तक्रार मारणाऱ्यांपेक्षा स्वतःबद्दल आहे: गर्दीत बसून मी आणखी क्रूर होऊन घरी आलो. त्याचा उपाय अंग काढून घेण्याचा आहे, हे कबूल. पण त्याच पत्रात तो पुढे म्हणतो की ज्यांना तू चांगलं करू शकशील त्यांना जवळ कर.

आता स्टोइकांची बाजू घेताना त्यांचं अपयशही सांगितलं पाहिजे. मार्कसला रक्तपात आवडत नसे, म्हणून तो आखाड्यातल्या लढवय्यांना बोथट शस्त्रं द्यायचा, असं इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. म्हणजे त्या काळचे रबरी चेंडूच. त्याच्यामागे गादीवर आलेला मुलगा कोमोडस स्वतःच आखाड्यात उतरला. एकोणीस वर्षं राज्य केलेल्या सम्राटाला खेळ बंद करता आला नाही, तर तहसीलदाराला कुठून जमणार? हुकमानं जे होत नाही ते हिएरोक्लेस नावाच्या स्टोइकानं वेगळ्या वाटेनं मांडलं. माणसाभोवती वर्तुळं असतात: घर, भाऊबंद, गाव, देश, सगळी माणसं. बाहेरच्या वर्तुळातल्यांना एकेक पायरी आत ओढत राहायचं, हे काम. 2023 च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि सौंसर त्यात आलं. नकाशानं एक वर्तुळ आमच्यासाठी ओढून दिलंय. तरी आम्ही अजून “ते पांढुर्ण्याचं आहे” म्हणतो.

आत ओढायचं म्हणजे मोर्चा काढा असं मी म्हणत नाही. पांढुर्ण्याला दिलेल्या बहिणीच्या पोराला पोळ्याआधी फोन करून, त्या दिवशी इकडे ये, असं मामानं सांगावं. घरात गोफण विणली जात असेल तर बापानं ती उचलून चुलीत घालावी. गच्चीवर पाहुण्यांसाठी सतरंजी टाकू नये. पोरगं तरीही गेलं आणि डोकं फोडून घेऊन आलं, तर दवाखान्यात त्याच्याजवळ बसावं, आणि बरं झाल्यावर त्याला पुन्हा तेच सांगावं. त्यानं ऐकावं की नाही, हे मामाच्या हातात नाही. फोन करणं आहे.

बंदीनं संस्कृती बुडेल म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. कित्येक वर्षी संध्याकाळपर्यंत झेंडा काढून कुणीच जिंकत नाही. मग दोन्ही बाजूंची वडीलधारी मंडळी बोलतात, दगड थांबतात, आणि सगळ्यांच्या संमतीनं झेंडा चंडीमातेच्या देवळात पोचतो. देवीनं तो झेंडा कधी नाकारल्याचं ऐकिवात नाही. हीच बोलणी त्या दिवशी सकाळी, पहिला दगड सुटण्याआधी, का होऊ नयेत?