पणजोबांचं नाव रद्दीत कुणी घातलं?

आमच्या घरात पणजोबांना 'पायलट' म्हणायचे. विमानाचे नव्हे, बंदराचे. हल्ली हे सांगितलं की लोक आधी हसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. लांबून आलेल्या जहाजाच्या कप्तानाला आपल्या पाण्यातले खडक, गाळ, ओहोटीची ओढ काय ठाऊक? बंदराचा पायलट छोट्या बोटीने बाहेर जातो, दोराच्या शिडीने वर चढतो आणि जहाज सुखरूप आत आणतो. मुंबईचंच घ्या. खांदेरीवर १८६७ मध्ये आणि प्रॉन्ग्जच्या खडकावर १८७५ मध्ये दीपगृह बांधलं, ते काय हौस म्हणून? १९०८ च्या बंदर कायद्यात तर कलमच होतं. ते ज्या बंदरांना लागू होतं, तिथे २०० टन किंवा त्याहून मोठं जहाज पायलट किंवा बंदर अधिकारी सोबत असल्याशिवाय हलवायचं नाही.

इतक्या जबाबदारीचं काम. मग ते करणाऱ्याची नोंद कुठाय?

दोन वर्षं शोधतोय. घरात एक फोटो आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी, बाकी काही नाही. एका कार्यालयात गेलो तर उत्तर मिळालं, "अहो, एवढं जुनं कोण ठेवतं? रद्दीत गेलं असणार." कधी गेलं, कुणाच्या सहीने गेलं, यादी आहे का? सगळ्याला उत्तर एकच: मान हलवणे.

आता कायदा बघा. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३. केंद्राची खाती, उपक्रम, कायद्याने स्थापन झालेली केंद्राची मंडळं, सगळी त्यात येतात. म्हणजे आपली मोठी बंदरंही आली. ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय कागद नष्ट करता येत नाही. २५ वर्षांपेक्षा जुन्या कागदांचं काय करायचं, हे राष्ट्रीय अभिलेखागाराशी सल्लामसलत करून ठरवायचं. १८९२ च्या आधीचा कागद तर पार निकामी झाल्याशिवाय नष्टच करायचा नाही. प्रत्येक कार्यालयाने एक अभिलेख अधिकारी नेमायचा. तेव्हा "रद्दीत गेलं असणार" हे उत्तर नाही, हा कायदेभंगाचा संशय आहे.

दरवर्षी ५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन साजरा करतो. १९१९ मध्ये सिंदियाची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, त्याची आठवण. भाषणं होतात, मालकांची नावं घेतली जातात. घ्यावीत, त्यांचं कर्तृत्व मोठंच होतं. बॅलार्ड इस्टेटला वालचंद हिराचंद मार्गही आहे. पण त्या दिवशी जहाज बंदराबाहेर कुणी काढलं, इंजिनात कोळसा कुणी ओतला, हे विचारतं का कुणी? तांडेल, सारंग, सुकाणी, खलाशी, पायलट यांच्या वाट्याला नुसतं "कोकणची दर्यावर्दी परंपरा" हे एक वाक्य येतं. वाक्याला नातवंडं नसतात हो, माणसांना असतात.

कुणी म्हणेल, कागद ठेवायला जागा कुठून आणायची, पैसा कोण देणार? ब्रिटनने १९१५ सालच्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांच्या याद्या स्वयंसेवकांकडून उतरवून घेतल्या. साडेसात लाखांहून जास्त नावं आज घरबसल्या फुकट शोधता येतात. आपल्याकडे संगणक जाणणारी पोरं कमी आहेत का? कमी आहे ती इच्छा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक मोठ्या बंदराने अभिलेख अधिकाऱ्याचं नाव जाहीर करावं. जुन्या हजेरीपटांची आणि सेवापुस्तकांची यादी लोकांसमोर ठेवावी. आणि ती यादी होईपर्यंत एकही गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नये.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणी बोटीवर किंवा गोदीत होतं, त्यांनी दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. विचारा: अभिलेख अधिकारी कोण? आतापर्यंत काय नष्ट केलं आणि कोणाच्या आदेशाने? एकट्याला मान हलवून वाटेला लावता येतं. शंभर अर्जांना लेखी उत्तर द्यावंच लागतं.

आणि माळ्यावरची ती जुनी ट्रंक आधी उघडा. बिल्ला, पगाराची चिठ्ठी, काहीही असेल तर फोटो काढून ठेवा. सरकार जागं होईल तेव्हा होईल, वाळवी मात्र थांबत नाही.