लहरींच्या लिलावात गोवा कुठे?

पुढच्या स्पेक्ट्रम लिलावाची पूर्वतयारी म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सल्लामसलतपत्र प्रसिद्ध केले. असा लिलाव झाला की मथळ्यात एकच आकडा झळकतो: सरकारी तिजोरीत किती कोटी आले. सांगे, सत्तरी किंवा काणकोणातल्या माणसाचा प्रश्न मात्र घरात बसून फोन लागतो की नाही, एवढाच असतो. त्याचे उत्तर त्या आकड्यात सापडत नाही. लहरींची मूळ किंमत, विक्रीच्या अटी आणि दिल्लीत आखलेल्या सर्कलच्या सीमा यांत ते दडलेले असते.

मोबाइल कंपनी मनोरा उभारू शकते, यंत्रे विकत घेऊ शकते. लहरी मात्र तिला सरकारकडूनच घ्याव्या लागतात. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या प्रकरणात स्पष्ट केले होते. वाद क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, तत्त्व मात्र पुढे मोबाइललाही लागू झाले. ही मालमत्ता वाटायची कशी, यावरून मग देशाचे राजकारण ढवळून निघाले. जानेवारी २००८ मध्ये, ए. राजा दूरसंचारमंत्री असताना, ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या पद्धतीने १२२ परवाने दिले गेले, तेही २००१ च्या दराने. देशभरासाठी १,६५८ कोटी रुपये. महालेखापालांनी २०१० मध्ये संभाव्य तोट्याचा १.७६ लाख कोटींचा अंदाज मांडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते सारे परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यातील आरोपींना विशेष न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष सोडले. तथापि परवाने रद्द ते रद्दच राहिले आणि मोबाइल सेवेच्या लहरी खासगी कंपन्यांना लिलावानेच द्यायच्या, हा दंडक पक्का झाला. दूरसंचार कायदा, २०२३ नेही तोच नियम ठेवला आहे. पोलीस, संरक्षण, उपग्रह सेवा, बीएसएनएल यांसारखे अपवाद कायद्याच्या अनुसूचीत नोंदलेले आहेत.

लिलावाची रीत वरकरणी चोख आहे. प्रत्येक पट्ट्याची प्रत्येक सर्कलसाठी वेगळी मूळ किंमत ट्राय सुचवते आणि अंतिम निर्णय केंद्र सरकार घेते. कंपन्या अनामत रक्कम भरून ऑनलाइन बोली लावतात. एखाद्या सर्कलमध्ये मागणी उपलब्ध लहरींपेक्षा जास्त झाली, तर पुढच्या फेरीत तिथला भाव चढतो. अन्यथा आहे तिथेच राहतो. जो फेऱ्यांत सक्रिय राहत नाही त्याची पात्रता घटत जाते, त्यामुळे शेवटपर्यंत कडेला उभे राहून अंदाज घेण्याची सोय नाही. २०१० च्या थ्रीजी लिलावात ही चुरस ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालली व सरकारला सुमारे ६७ हजार कोटी रुपये मिळाले.

तेव्हा बोलीदार बरेच होते. आज देशव्यापी खासगी कंपन्या तीनच उरल्या आहेत: जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया. २०२२ च्या फाइव्हजी लिलावात १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली लागल्या, हे खरे. परंतु आठवडाभर चाललेल्या त्या ४० फेऱ्यांत खरी रस्सीखेच झाली ती प्रामुख्याने पूर्व उत्तर प्रदेशातील १८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी. तिथला प्रति मेगाहर्ट्झ भाव ९१ कोटींवरून १६० कोटींच्या घरात गेला. उर्वरित बहुतांश लहरी मूळ किमतीलाच गेल्या. जून २०२४ मध्ये तर सात फेऱ्यांत सारे आटोपले. १० हजारांहून अधिक मेगाहर्ट्झ विक्रीला काढले होते, खपले जेमतेम १४१ आणि जमा झाले ११,३४० कोटी. खरेदीदार तीन, माल भरपूर आणि भाव विक्रेत्याने आधीच ठरवलेला, याला लिलाव म्हणायचे ते रीतीपुरते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात याहून अधिक घासाघीस होते. म्हणूनच बोली किती चढली यापेक्षा मूळ किंमत कितीला लावली, हा प्रश्न कळीचा ठरतो.

७०० मेगाहर्ट्झ पट्ट्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कमी वारंवारतेच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंती भेदून घरात शिरतात. ३३०० मेगाहर्ट्झचा पट्टा माहिती अधिक वाहून नेतो, पण त्याचा पल्ला कमी. २६ गिगाहर्ट्झचा तर काही शे मीटरांतच संपतो. डोंगर, दाट झाडी आणि चिऱ्याची जाड भिंतींची घरे असलेल्या मुलखाला खालचा पट्टाच उपयोगी. नेमका तोच सरकारने २०१६ मध्ये देशभरासाठी प्रति मेगाहर्ट्झ ११,४८५ कोटी रुपये मूळ किमतीने विक्रीस काढला. एकही बोली आली नाही. मार्च २०२१ मध्ये किंमत ६,५६८ कोटींवर आणली, तरीही ग्राहक नव्हता. २०२२ मध्ये ती ३,९२७ कोटी झाली, तेव्हा एकट्या जिओने सर्व २२ सर्कलमध्ये १० मेगाहर्ट्झ घेतले. सहा वर्षे पडून राहिलेला हा पट्टा अखेर पहिल्या किमतीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याला गेला.

न विकलेल्या लहरी गोदामात साठत नाहीत. वापराविना गेलेले वर्ष कायमचे वाया जाते. त्या सहा वर्षांतच २०२० ची टाळेबंदी आली आणि सत्तरी व सांग्यातल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन वर्गासाठी रेंज शोधत डोंगर चढावे लागले. हा पट्टा आधी विकला गेला असता तर सांग्यात लगेच मनोरे उभे राहिले असते, असा दावा कोणी करू नये. अडथळे इतरही होते. पण ग्रामीण भागाला सोयीचा माल परवडणार नाही अशा किमतीला मांडून ठेवण्यात देशाचे काय हित साधले, याचे समाधानकारक उत्तर आजही मिळत नाही.

चढ्या किमतीचा दुसरा परिणाम उधारीत दिसतो. कंपन्या सगळे पैसे रोख मोजत नाहीत. २०२२ च्या लहरींसाठी २० वार्षिक हप्त्यांची सवलत आहे. हप्ते थकले की काय होते, हे व्होडाफोन आयडियाने दाखवून दिले. एप्रिल २०२५ मध्ये त्या कंपनीकडील ३६,९५० कोटी रुपयांच्या स्पेक्ट्रम थकबाकीचे समभागांत रूपांतर झाले आणि केंद्र सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. जनतेच्या मालकीच्या लहरी उधारीवर विकल्या आणि वसुलीऐवजी तोट्यातल्या कंपनीचे भागभांडवल जनतेच्याच गळ्यात पडले! लिलावाच्या दिवशीचा आकडा आणि प्रत्यक्षात हाती आलेली रक्कम यांत इतके अंतर पडू शकते.

आता गोव्याची गोष्ट. लहरींच्या बाजारात गोवा नावाचे एककच नाही. देशाचे २२ दूरसंचार सर्कल आहेत. त्यांत मुंबई स्वतंत्र आहे आणि उर्वरित महाराष्ट्राबरोबर गोवा एकाच सर्कलमध्ये आहे. चोर्ला घाट ओलांडून बेळगावात किंवा पोळेच्या पुढे कारवारात गेले की कर्नाटक सर्कल सुरू होते आणि त्याच कंपनीकडे तिथे वेगळ्या प्रमाणात लहरी असू शकतात. महाराष्ट्र-गोवा सर्कलची किंमत ठरते ती पुणे, नाशिक, नागपूर इथल्या ग्राहकसंख्येवर. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाख वस्तीचा गोवा त्या हिशेबात नगण्य आहे.

लहान राज्यासाठी स्वतंत्र लिलाव ठेवणे व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागेल. महाराष्ट्राच्या सोबतीचा लाभही झाला आहे, कारण मोठ्या बाजारासाठी घेतलेल्या लहरी गोव्यालाही आपोआप मिळतात. अडचण आहे ती सेवाविस्ताराच्या अटींत. लहरी घेणाऱ्या कंपनीने ठरावीक मुदतीत सेवा पोहोचवलीच पाहिजे, असे बंधन असते. पण ते सर्कल हे एकक धरून मोजतात. खालच्या पट्ट्यांसाठी सर्कलमधील मुख्यालयाच्या ठिकाणांपैकी अमुक टक्के व्यापली की अट पूर्ण. साडेतीनशेहून अधिक तालुक्यांच्या महाराष्ट्रात ही टक्केवारी गोव्याकडे न बघताही गाठता येते. पणजी, मडगाव आणि किनारपट्टीवर कंपन्या पर्यटनामुळे स्वतःहून येतात. नेत्रावळीसारख्या गावात येण्यास त्यांना बाजारही भाग पाडत नाही आणि अटही. शिवाय तालुक्याचे मुख्यालय व्यापले म्हणजे तालुका व्यापला असे होत नाही.

२०२३ च्या कायद्यातील सातव्या कलमानुसार, पुरेशा कारणाविना वापरात नसलेल्या लहरी केंद्र सरकार परत घेऊ शकते. लहरी भाड्याने देणे, इतरांबरोबर वाटून घेणे, हस्तांतरित करणे यांनाही कायद्यात वाट आहे. मात्र ‘वापर’ म्हणजे कुठला वापर? पुण्यात वापरलेल्या लहरी सांग्यातही वापरल्या असे धरणार असतील, तर या कलमाचा गोव्याला काडीचा उपयोग नाही. अटींची मोजणी राज्यवार आणि तालुकावार व्हावी, ही मागणी त्यामुळे रास्त ठरते. ती करायची जागा म्हणजे ट्रायची सल्लामसलत. तिथे कंपन्या आपले लेखी म्हणणे तपशीलवार मांडतात, राज्य सरकारांनाही ते मांडता येते.

लहरी केंद्राच्या हाती आहेत, जमीन मात्र राज्यात आहे. गोव्याने २०२० मध्ये दूरसंचार पायाभूत सुविधा धोरण आणले, तरीही मनोऱ्याच्या परवान्यावरून ग्रामसभांत वाद झडतच राहिले आहेत. किरणोत्सर्गाच्या भीतीपोटी गावकरी मनोरा नको म्हणतात आणि त्याच गावात रेंज नसल्याची तक्रारही असते. मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाची मर्यादा दूरसंचार विभागाने ठरवलेली आहे. गावातल्या मनोऱ्याची मोजणी गावकऱ्यांसमोर करून तो आकडा ग्रामसभेत ठेवणे, याला नव्या कायद्याची गरज नाही. मार्गाधिकाराचे नवे केंद्रीय नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत आणि अर्जांवर ठरलेल्या मुदतीत निर्णय देण्याचे बंधन त्यांत आहे. ते पाळण्याची जबाबदारी पणजीची आहे, दिल्लीची नव्हे.