आधी पेन्सिल, मग पक्कड

विद्यार्थी मित्रहो, मोटारसायकलला जादा दिवे किंवा मोठा भोंगा स्वतः बसवावा काय, असे मला अनेकदा विचारले जाते. ‘त्या भानगडीत पडू नका, मेकॅनिककडे जा’ हे उत्तर सोपे आहे. पण मला ते मान्य नाही. हे काम स्वतः जरूर करावे. मात्र पक्कड हातात घेण्यापूर्वी पेन्सिल घ्यावी. हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही.

काही वर्षांपूर्वी घाटातल्या धुक्यासाठी मी माझ्या गाडीला ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे बसवले. हेडलाइटची तार थोडी सोलली, तिला नव्या तारा पिळून जोडल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. दिवे लखलखले, पण थोड्याच वेळात वितळतार, म्हणजे फ्यूज, उडाली. नवी घातली, तीही उडाली. तेव्हा मी १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरची वितळतार बसवली आणि स्वतःवर खूश झालो. आठवड्याभरात, रात्री घाट उतरताना, टाकीखालून धूर आला आणि सारे दिवे विझले. कशीबशी गाडी कडेला घेतली. त्या धुराच्या वरच पेट्रोल होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. आणि त्याच आठवड्यात मी वर्गात ज्यूलचा नियम शिकवला होता!

जो हिशेब मी आधी करायला हवा होता, तो असा. शक्तीला विभवांतराने भागले की विद्युत्प्रवाह मिळतो. नव्या दिव्यांचे ११० वॅट भागिले १२ व्होल्ट, म्हणजे सुमारे ९.२ अँपिअर. मूळ हेडलाइट ६० वॅटचा, त्याचे ५ अँपिअर. एकूण १४.२. प्रवाह तिपटीच्या जवळ गेला. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती आठपट झाली. पिळलेल्या सांध्याचा रोध अवघा ०.१ ओहम धरला, तरी तेथे सुमारे २० वॅट उष्णता निर्माण होते. नखाएवढ्या जागेत जणू एक लहान सोल्डरिंग आयर्नच तापत होते.

वितळतारेने मला दोनदा बजावले होते. ती राखण करते तारेची, दिव्याची नव्हे. म्हणून तार जेवढा प्रवाह सुखाने सोसते, त्याहून मोठी वितळतार कधीही घालू नये.

मग योग्य रीत कोणती? प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. नव्या दिव्यांसाठी बॅटरीपासून स्वतंत्र, पुरेशी जाड तार ओढावी आणि तिची वितळतार बॅटरीजवळच बसवावी. मध्ये रिले घालावा. त्याच्या वेटोळ्याला अगदी थोडा प्रवाह पुरतो; तेवढ्याने विद्युत्चुंबक तयार होऊन मोठ्या प्रवाहाचा मार्ग जोडला जातो, आणि हँडलवरच्या बटणावर भार येत नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. पुष्कळ लहान गाड्यांच्या जनित्राला १७० वॅटचा भार पेलत नाही आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. १०-१० वॅटचे दोन एलईडी दिवे मिळून १.७ अँपिअरच घेतात. तेही समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत, असे खाली वळवून बसवावेत.

तुमच्यापैकी बहुतेकांना अजून वाहन चालवण्याचा परवाना नाही. हिशेब शिकायला तेवढाच वेळ मिळाला, असे समजा.

शिक्षकबंधू-भगिनींना मात्र एक विनंती आहे. ओहमचा आणि ज्यूलचा नियम फळ्यावर संपवू नका. भांडी घासण्याच्या लोखंडी काथ्याचा एक बारीक धागा घ्या आणि दोन सेल जोडून तो तुमच्या देखरेखीखाली तापून तुटताना मुलांना पाहू द्या. गॅरेजमधून एक निकामी रिले मागून आणा व उघडून दाखवा. माझी ती करपलेली तार मी दरवर्षी वर्गात फिरवतो. सूत्र पाठ असणे आणि ते ऐन वेळी आठवणे यांत किती अंतर असते, हे मुलांना तिच्या वासावरून समजते.