बास्केटबॉलचे कोर्ट आपल्या वस्तीत का नाही?

एप्रिल आला की आम्हाला जयंतीचे वेध लागतात. द्वारका, काठे गल्ली, वडाळा नाका, गंजमाळची भीमवाडी, सगळीकडे पावती पुस्तके फिरू लागतात, डीजेवाल्याला विसार दिला जातो. त्याच एप्रिलच्या शेवटी अमेरिकेत डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ नव्या हंगामाची सराव शिबिरे सुरू करतात. या दोन गोष्टींचा काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध आहे, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

ही लीग १९९७ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. तिच्यातल्या बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय स्त्रिया आहेत. एका संघात जागा बाराच, त्यामुळे शिबिरात आलेल्या अनेकींना पहिला सामना होण्याआधीच घरी पाठवले जाते. पैशाचे गणित तर आणखी कडू. २०१५ मध्ये डायना टॉरासी या नामांकित खेळाडूने अमेरिकेतला अख्खा हंगाम सोडला, कारण रशियातला क्लब तिला घरच्या लीगच्या कितीतरी पट पैसे देत होता आणि वर विश्रांती घे म्हणूनही पैसे देत होता. २०२४ मध्ये देशभर गाजलेली केटलिन क्लार्क लीगमध्ये आली तेव्हा तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. त्याच वर्षी लीगने प्रक्षेपणाचे करार केले, ११ वर्षांचे, सुमारे २.२ अब्ज डॉलरचे. म्हणून जुलै २०२५ मधल्या ऑल-स्टार सामन्याच्या सरावाला खेळाडू ‘आमचे देणे आम्हाला द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून उतरल्या. नव्या हंगामाची तयारी म्हणजे नुसते धावणे आणि नेमबाजी नव्हे. करार वाचणे, संघटनेच्या बैठकीला बसणे हीसुद्धा तयारीच.

२०२० सालचे अटलांटा ड्रीम संघाचे प्रकरण तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. संघाची सहमालकीण केली लोफलर जॉर्जिया राज्यातून सिनेटर होती. कृष्णवर्णीयांच्या जीविताचा प्रश्न लीगने उचलला, तेव्हा तिने जाहीर विरोध केला. खेळाडूंनी काय केले? तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या राफाएल वॉर्नॉक यांना मत द्या, असे लिहिलेले काळे टी-शर्ट घालून त्या मैदानात आल्या. जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नॉक निवडून आले. पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला आणि नव्या मालकांमध्ये रेनी माँटगोमेरी ही त्याच संघाची माजी खेळाडू होती. आमच्या भाषेत सांगायचे तर कामावरच्या बायांनी मालकिणीला निवडणुकीत पाडले!

आता इकडे या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके फोडून, जातीवरून शिव्या देऊन काहींनी नाच केला. गोल केले तेव्हा ती देशाची लेक होती, संघ हरला तेव्हा दलिताची पोर झाली.

बास्केटबॉलपर्यंत तर आमची मुलगी पोहोचतच नाही. कबड्डीला माती पुरते. बास्केटबॉलचे कोर्ट मात्र आपल्याकडे बहुतेक शाळा-कॉलेजच्या नाही तर क्लबच्या कुंपणाआड असते. तिथे फी, गणवेश आणि ओळख लागते. महिलांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग आपल्या देशात रुजलेली नाही. मग इथली चांगली खेळाडू जगते कशावर? सरकारी नोकरीवर. राष्ट्रीय स्पर्धांत महिला गटात रेल्वेचा दबदबा आहे तो उगाच नाही. भारताची माजी कर्णधार, २०२१ ची पद्मश्री अनिता पॉलदुराई दक्षिण रेल्वेत नोकरीला होती. आपला व्यावसायिक संघ म्हणजे खरे तर रेल्वेची नोकरी.

इथे आम्हाला मनमाड आठवते. फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडला बाबासाहेबांनी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू आहेत असे सांगितले. अस्पृश्य कामगाराला खालच्या कामावरच अडकवून ठेवतात, हेही मांडले. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या काळातील लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंना बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळाला तो २०२० च्या करारात, संघटनेने मागून घेतला तेव्हा! म्हणजे हा विचार आम्हाला अमेरिकेकडून उसना आणायचा नाही.

आमचा मुद्दा साधा आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण पदे कंत्राटी झाली, विभाग खासगी झाले, तर आरक्षणही जाते आणि खेळाडूची जागाही जाते. खासगीकरणाविरुद्ध मोर्चा काढताना आम्ही क्लार्क आणि शिपायाच्या जागा मोजतो, खेळाडूच्या मोजत नाही. त्या मोजायला हव्यात. आणि त्या जागेपर्यंत जायला आधी दहा-बारा वर्षांच्या पोरीच्या हातात चेंडू यायला हवा.

पूर्ण कोर्टाला २८ बाय १५ मीटर जागा लागते, एका रिंगवर खेळायचे तर निम्मीही पुरते. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी राखलेले भूखंड असतात. त्यांचे पुढे काय झाले हे विचारणारा कोणी नसतो. दलितवस्तीच्या निधीतून वर्षानुवर्षे पेव्हर ब्लॉक बसतात, तेच उखडून पुन्हा बसतात. नगरसेवकाला त्यात काय गोडी आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिकडे मिरवणुकीचा डीजे एका रात्रीत जेवढे पैसे खातो, तेवढ्यात दोन लोखंडी खांब, दोन बोर्ड आणि डझनभर चेंडू येतील की नाही, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच्या पावती पुस्तकावरून करावा. जयंती नको असे आम्ही म्हणत नाही. डीजेचा आवाज चैत्यभूमीपर्यंत जात नाही, एवढेच म्हणतो.

पोरींना द्वारका चौक ओलांडून, उड्डाणपुलाखालच्या वाहनांच्या गर्दीतून रोज पंचवटीच्या क्रीडा संकुलात पाठवा, हे कोणत्या आईला सांगणार? कोर्ट वस्तीत हवे. आपल्या प्रभागात क्रीडांगणासाठी राखलेले भूखंड किती, कुठे, आणि आज कोणाच्या ताब्यात आहेत, एवढे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. भूखंड सापडला की कोर्टाच्या मागणीचे निवेदन महापालिकेला द्या आणि संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मुलींसाठी राखीव, हे निवेदनातच लिहा. नाहीतर कोर्ट व्हायचे आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे पोरांचे टेनिस बॉल क्रिकेट सुरू व्हायचे.